अपडेट फेल, परत: सपोर्ट संपलेल्या विंडोज ७ ची चार दुखणी

नाशिकच्या रविवार कारंजावरून आत वळणाऱ्या एका बोळात छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, द्राक्षांच्या पेट्यांची लेबलं, आणि सिंहस्थ तोंडावर आल्यापासून फ्लेक्सची डिझाइनं. तिथला एक जुना कॉम्प्युटर गेल्या वर्षभरात माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर चारदा आला. चारही वेळा तक्रार एकाच शब्दांत: "ताई, अपडेट फेल दाखवतंय, परत." पहिल्या तीन वेळा मी तो दुरुस्त करून दिला, पैसेही घेतले. चौथ्या वेळी काकांसमोर, म्हणजे छापखान्याच्या मालकांसमोर, ओशाळायची वेळ आली, कारण एक कारण तिन्ही वेळा माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी ते पाहिलंच नव्हतं. ते रुपयाच्या नाण्याएवढं होतं. त्याच्याकडे येतेच.

"मशीन बदलून का टाकत नाही?" हा प्रश्न पहिला येतो, म्हणून आधी त्याचं उत्तर. त्या मशीनवर मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर आहे. त्याचा इन्स्टॉलर १६ बिटचा, आणि त्याचं डोंगल (सॉफ्टवेअरची कुलूपचावी) मागच्या पॅरलल पोर्टला सेलोटेपने चिकटवून ठेवलेलं. ६४ बिटच्या विंडोजवर १६ बिटचा प्रोग्राम चालतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळतं. काकांकडे वीस वर्षांच्या पत्रिकांचा मजकूर याच फॉन्टमध्ये साठलाय. ती फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी रोमन अक्षरं आणि कंसांची रांगोळी दिसते. तेव्हा ३२ बिटचं विंडोज ७ तिथं हौसेखातर ठेवलेलं नाही.

आता मुद्द्याचं. सपोर्ट संपला म्हणजे अपडेट मिळत नाहीत, असं बहुतेकांना वाटतं. तसं नसतं. सपोर्ट संपला म्हणजे नवीन अपडेट निघणं थांबलं. आधीची कुठं जात नाहीत. विंडोज ७ चा मोफत सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, पण त्या तारखेपर्यंत निघालेलं सगळं अजूनही लावता येतं. माझ्याकडे येणारी बरीच मशीन्स २०२० पर्यंतही पोचलेली नसतात. कुणी २०१४ वर थांबलेलं, कुणी २०१६ वर. मधली सहा वर्षं फुकट मिळत होती तीही घेतलेली नाहीत आणि दोष मात्र 'सपोर्ट संपला'वर.

याची किंमत काय, ते मे २०१७ मध्ये दिसलं. वॉनाक्राय, म्हणजे फाइली कोंडून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरलं तेव्हा सगळ्यात जास्त बळी गेली ती विंडोज ७ ची मशीन्स. विंडोज ७ तेव्हा सपोर्टमध्ये होतं. ते भोक बुजवणारं अपडेट दोन महिने आधी, मार्चमध्येच आलं होतं. ते लावलं नव्हतं, एवढंच.

मग लावायला गेलं की फसतं का? कारण अपडेट घेणारी यंत्रणाही मशीनबरोबर म्हातारी होते. तिला आजच्या सर्व्हरशी बोलायचं कसं ते माहीत नसतं. आधी तिलाच शिकवावं लागतं, आणि ते ठरलेल्या क्रमानं. क्रम चुकला की तीच एरर पुन्हा.

कामाला हात लावायच्या आधी डिस्कचा क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, घ्या. जुन्या मशीनची जुनी डिस्क असते, आणि अपडेट लावणं म्हणजे तिच्यावर एका दिवसात वर्षभराचं लिहिणं. काकांच्या मशीनची अपडेटची रड मुळात डिस्क गेल्यामुळेच सुरू झाली होती. मी ५०० जीबीच्या नव्या डिस्कवर सर्व्हिस पॅक १ (तोवरच्या अपडेट्सचा एकत्र गठ्ठा) असलेल्या डीव्हीडीवरून विंडोज टाकलं. म्हणजे मशीन थेट २०११ मध्ये जाऊन बसलं.

मग बघा मशीन नक्की कुठं आहे. स्टार्टमध्ये 'विनव्हर' (इंग्रजीत winver) टाइप केलं की छोटी खिडकी येते. तिथं ७६०१ आणि सर्व्हिस पॅक १ दिसलं पाहिजे. ७६०० असेल तर पुढचं काहीही लागणार नाही, आधी सर्व्हिस पॅक. आणि 'कॉम्प्युटर'वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ३२ बिट की ६४, ते कागदावर लिहून घ्या. हे बारीक वाटतं, पण "हे अपडेट तुमच्या कॉम्प्युटरला लागू नाही" हा संदेश दहातल्या बऱ्याच वेळा चुकीची फाइल उतरवल्यामुळे येतो. मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉग या साइटवर एकाच नंबराखाली पाच-सात फाइली असतात: विंडोज ७, सर्व्हर २००८ आर२, एम्बेडेड, आणि प्रत्येकाचे वेगळे बिट. ३२ बिटसाठी एक्स८६ लिहिलेली, ६४ साठी एक्स६४ लिहिलेली. ३२ हा आकडा नावात कुठंच नसतो, त्यामुळे लोक हमखास एक्स६४ उचलतात.

एक सांगून ठेवते, प्रत्येक अपडेटला 'केबी' आणि पुढे आकडे असा नंबर असतो, तो मी इथं देवनागरीत लिहितेय. कॅटलॉगमध्ये शोधताना इंग्रजी केबी आणि इंग्रजी आकडेच टाका. आणि कॅटलॉग त्या मशीनवर उघडायच्या भानगडीत पडू नका. दुसऱ्या चांगल्या मशीनवर फाइली उतरवा आणि पेनड्राइव्हने न्या. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमधून डाउनलोड करण्यात मी एक अख्खी दुपार घालवली आहे.

८००७२ईएफई: सर्व्हरच सापडत नाही

पहिल्या फेरीत हीच एरर होती. नेट चालू, गुगल उघडतंय, पण 'चेक फॉर अपडेट्स' दाबलं की काही सेकंदांत ८००७२ईएफई. मावशी, म्हणजे तिथल्या वीस वर्षं जुन्या ऑपरेटर, म्हणाल्या, "नेटवाल्याला बोलवू का?" नेटवाल्याचा काही संबंध नसतो.

गोष्ट अशी. प्रत्येक अपडेटवर डिजिटल सही असते. विंडोज ७ जन्मलं तेव्हा ती सही शा-१ पद्धतीची होती. ती पद्धत कच्ची ठरली, म्हणून ऑगस्ट २०१९ पासून विंडोज ७ ची अपडेट्स फक्त शा-२ सहीने येऊ लागली. पुढे २०२० च्या पावसाळ्यात शा-१ वाल्या जुन्या सर्व्हरचं दारच बंद झालं. २०११ च्या डीव्हीडीवरून टाकलेल्या विंडोजला नवी सही ओळखता येत नाही.

बँकेत सही बदलायची असली की अर्जावर जुनी सही करावी लागते ना, तसंच आहे हे. "आता नवी सही मानायची" असं सांगणारी अपडेट्स जुन्या मशीनलाही पटतील अशा सहीची आहेत. ती हातानं लावायची, मग बाकीचं मशीन आपणहून घेतं. क्रम असा: आधी केबी ४४९०६२८. हा सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट लावणाराच दुरुस्त करायचा. मग केबी ४४७४४१९, हे शा-२ शिकवतं. आता रिस्टार्ट, आणि हा रिस्टार्ट टाळायचा नाही, "नंतर करू" म्हणून पुढचं लावायला गेलात तर लागत नाही. मग केबी ३१३८६१२, हा अपडेट क्लायंट, म्हणजे अपडेट शोधून आणणारा भाग. पुन्हा रिस्टार्ट.

केबी ४४७४४१९ च्या एकाहून जास्त आवृत्त्या आल्या, सप्टेंबर २०१९ ची शेवटची. कॅटलॉगमध्ये तारीख बघून तीच घ्या.

एवढं झाल्यावर काकांच्या मशीनने सर्व्हर ओळखला.

यूट्यूबवर या एररला एकच औषध सांगतात: सर्व्हिस थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या 'सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन'चं नाव बदला, सर्व्हिस चालू करा. डाउनलोड अर्धवट तुटलं असेल तर हा उपाय चांगला आहे. सही ओळखण्याच्या अडचणीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. उलट नुकसान होतं, कारण अपडेटचा सगळा इतिहास त्या यादीतून पुसला जातो आणि आधी काय फसलं होतं ते कळायची सोय राहत नाही. विंडोज फोल्डरमध्येच 'विंडोजअपडेट' नावाची लॉग फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. आधी तिच्या शेवटच्या वीस ओळी वाचा.

हिरवी पट्टी फिरतेय, फिरतेच आहे

दुसऱ्या फेरीत एरर नव्हतीच. 'चेकिंग फॉर अपडेट्स' आणि ती पट्टी. सकाळी दहाला सुरू केलेलं संध्याकाळी सातला तसंच. मशीन इतकं जड झालेलं की मावशींना एक पत्रिका उघडायला पाच मिनिटं लागायची. टास्क मॅनेजरमध्ये एक एसव्हीसीहोस्ट (विंडोजच्या सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) प्रोसेसरचा अख्खा एक कोअर खाऊन बसलेला आणि मेमरी हजार एमबीच्या वर. मशीनला रॅमच दोन जीबी, दुसऱ्याला उरणार काय.

हा व्हायरस नाही. कोणतं अपडेट कशाच्या जागी आलंय याची वंशावळ विंडोज ७ चा जुना क्लायंट स्वतः जुळवत बसतो. त्र्यंबकेश्वरच्या भटजींच्या वह्यांसारखी ती वंशावळ वर्षागणिक वाढत गेली आणि मशीनला ती झेपेना. यावर केबी ३०२०३६९ आणि त्यानंतर केबी ३१७२६०५, जुलै २०१६ चं. दुसरं लावायला पहिलं लागतं.

पण इथं एक खोड आहे आणि ती माहीत नसली तर माणूस वेडा होतो. पेनड्राइव्हवरून फाइल डबल क्लिक केली की तीही "या कॉम्प्युटरवर अपडेट्स शोधत आहे" म्हणत तशीच लटकते. कारण ती त्याच अडकलेल्या सर्व्हिसच्या मागे रांगेत उभी राहते. म्हणून आधी कंट्रोल पॅनेलमध्ये 'नेव्हर चेक फॉर अपडेट्स' करायचं, मग नेटची वायर काढायची, मग रिस्टार्ट. मशीन उठलं की लगेच, दुसरं काहीही न उघडता, फाइल चालवायची. दोन मिनिटांत लागते. वायर लावूनच करायला गेलात तर माझ्यासारखं दुकान बंद करून घरी जाऊन जेवून आलात तरी ते शोधतच असेल.

सगळं झाल्यावर सेटिंग पूर्ववत करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या महिन्यात "अपडेट येतच नाहीत" ही नवी तक्रार.

३५ टक्क्यांपर्यंत जाऊन माघारी

तिसऱ्या वेळी मशीन बंद करताना अपडेट लागायचं, चालू होताना टक्केवारी वाढायची, आणि मग "अपडेट जमलं नाही, बदल मागे घेत आहोत, कॉम्प्युटर बंद करू नका." रोज सकाळी अर्धा तास. लग्नसराई चालू, गिऱ्हाईक समोर उभं, आणि मशीन बदल मागे घेतंय. काकांनी वैतागून एकदा बटण दाबून बंद केलं, हे त्यांनी मला दोन दिवसांनी सांगितलं.

इतिहासात पाहिलं तर केबी ४५३७८२० नऊ वेळा फेल. फेब्रुवारी २०२० चं. म्हणजे सपोर्ट संपल्यानंतरचं. काकांच्या पुतण्याने "लेटेस्ट" म्हणून कुठूनतरी उतरवून लावलं होतं. जानेवारी २०२० नंतरची विंडोज ७ ची अपडेट्स वाढीव मुदतीचे पैसे भरणाऱ्या कंपन्यांसाठी होती, जानेवारी २०२३ पर्यंत. ज्या मशीनमध्ये त्या परवान्याची चावी (की) नाही, तिथं ती लागतात, तपासतात आणि परत उलटतात. बिघाड काहीच नसतो. ते अपडेट काढून टाकायचं किंवा लपवायचं, विषय संपला.

फुकटवाल्यांची रेषा केबी ४५३४३१० इथं संपते, १४ जानेवारी २०२०. त्याच्या आधी केबी ४५३६९५२ हा सर्व्हिसिंग स्टॅक लावून घ्या. या शेवटच्या अपडेटमध्ये एक मजेशीर खोट होती: डेस्कटॉपचं चित्र 'स्ट्रेच' ठेवलं असेल तर ते काळं व्हायचं. काकांनी सप्तशृंगीचा फोटो लावला होता, तो काळा झाला, आणि मावशींनी ते मनाला लावून घेतलं. यासाठी केबी ४५३९६०२ आहे. सपोर्ट संपल्यानंतर निघालं तरी ते सगळ्यांना मोफत दिलं गेलं, तेव्हा ते लावायला हरकत नाही. नाहीतर चित्र 'फिल' करा.

वाढीव मुदतीची अट चुकवून २०२३ पर्यंतची अपडेट्स घ्यायची साधनं नेटवर फिरतात, आणि त्यावरून मला नेहमी विचारणा होते. मी ती गिऱ्हाइकाच्या मशीनवर लावत नाही. परवान्याचा भाग बाजूला ठेवला तरी, अपडेट यंत्रणेच्या पोटात अनोळखी माणसाने लिहिलेली फाइल बसवून सुरक्षितता वाढते हे मला पटत नाही. स्वतःच्या खेळायच्या मशीनवर तुम्ही काय करता तो तुमचा प्रश्न.

८००७२एफ८एफ: आणि ते नाणं

चौथी फेरी दिवाळीनंतर. छापखाना पाच दिवस बंद होता. उघडला त्या दिवशी फायरफॉक्समध्ये प्रत्येक साइटवर "कनेक्शन सुरक्षित नाही", आणि अपडेटमध्ये ८००७२एफ८एफ. मी पुन्हा शा-२ पासून सगळं तपासलं. सगळं जागेवर. लॉग वाचला, सर्टिफिकेटची, म्हणजे साइटची ओळख पटवणाऱ्या दाखल्याची, कुरकुर. रूट सर्टिफिकेटं (बाकीचे दाखले ज्यांच्या भरवशावर चालतात ती मूळची) जुनी झाली असतील म्हणून तिकडं वळले, कारण ३० सप्टेंबर २०२१ ला एक जुनं, खूप साइटी ज्यावर अवलंबून होत्या असं रूट सर्टिफिकेट संपलं होतं आणि तेव्हा जुन्या मशीन्सवर असाच गोंधळ झाला होता. तेही नव्हतं.

मग मावशींनी मला दाखवायला एक पत्रिका उघडली. फोल्डर तारखेप्रमाणे लावलेला होता आणि ती पत्रिका सगळ्यात वर यायच्या ऐवजी सगळ्यात खाली. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त, सन २०२५, आणि फाइल सेव्ह झाल्याची तारीख १ जानेवारी २००९.

खाली कोपऱ्यातलं घड्याळ अगदी बरोबर होतं. "मी रोज सकाळी मोबाइलवर बघून लावते," मावशी म्हणाल्या. "सुट्टीनंतर चुकलेलं असतं ते." त्या फक्त तास-मिनिटं लावायच्या. खालची पट्टी बारीक केलेली असल्यामुळे तारीख दिसतच नव्हती.

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपत आला होता. काकांचा नियम आहे, रात्री दुकान बंद करताना मेन स्विच खाली. वीज असेपर्यंत घड्याळ एसएमपीएसवर, म्हणजे मशीनच्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर, चालतं, वीज पूर्ण तुटली की त्या सेलवर. अर्धमेला सेल एक रात्र काढायचा. रविवार धरून दोन रात्री झाल्या की कधी काढायचा, कधी नाही. पाच दिवसांत गेलाच. आणि तारीख २००९ ला गेली की आजची सर्टिफिकेटं मशीनच्या लेखी अजून जन्मलेलीच नसतात, त्यामुळे ब्राउझर आणि अपडेट दोन्ही नकार देतात.

"पण विंडोज नेटवरून वेळ लावून घेतं ना?" मलाही तेच वाटायचं. घेतं, पण फरक पंधरा तासांच्या आतला असेल तर. त्याहून मोठी तफावत दिसली की ते हात लावत नाही, आणि सोळा वर्षांची तफावत तर सोडाच.

तिन्ही वेळा मशीन माझ्याकडे आलं तेव्हा घड्याळ चुकलेलंच होतं. मी प्रत्येक वेळी ते लावलं आणि पुढे गेले. रिक्षातून मशीन आलंय, वायर काढलेली, म्हणून चुकलं असेल, असं धरून चालले. वायर काढल्यावर चुकणं हेच तर लक्षण होतं.

सेल बदलायला स्क्रूड्रायव्हरचं टोक पुरतं. मशीनची वायर काढा, कॅबिनेट उघडा, सेलच्या कडेची पत्र्याची चिमटी बाजूला करा, सेल उडी मारून वर येतो. अधिकचं चिन्ह वर ठेवून नवा दाबा. मल्टिमीटर असेल तर जुना मोजून बघा: नवा तीन व्होल्टच्या वर दाखवतो, काकांचा २.३ दाखवत होता. नंतर बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगांत) जाऊन तारीख लावाच, आणि सेटिंगं डिफॉल्टला गेली असतील तर साटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, मोड आणि पॅरलल पोर्टचा मोड आधी होता तसा करा. साटाचा मोड बदलला तर निळा स्क्रीन येतो. पॅरलल पोर्टचा बदलला तर डोंगल सापडत नाही, आणि मग फॉन्टवाल्याला फोन. हे दोन मोड सेल काढायच्या आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे असतात. मी काढले नव्हते.

म्हणून आता माझा क्रम उलटा झालाय. अपडेटची कुठलीही तक्रार आली की पहिल्यांदा तारीख, त्यातही साल. मग वायर काढून दहा मिनिटं ठेवायची, परत बघायचं. बाकी केबीबिबी नंतर.

अपडेट संपल्यावर

जानेवारी २०२० पर्यंत आलं म्हणजे मशीन सुरक्षित झालं असं नाही. त्यानंतर सापडलेली भोकं उघडीच आहेत. माझं मत: असल्या मशीनवर ईमेल, बँक, जीएसटी यातलं काहीही करायचं नाही. नेट द्यायचंच असेल तर ब्राउझर तरी त्यातल्या त्यात ताजा असावा. क्रोमची विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती १०९, ती २०२३ च्या सुरुवातीची. फायरफॉक्सची ११५ ईएसआर ही शाखा मात्र विंडोज ७ साठी नंतरही सुरक्षा-दुरुस्त्या घेत राहिली, तिची मुदत एकदा नाही, बऱ्याचदा वाढवली गेली. जुन्या आउटलुकमधून मेल जाणं बंद झालं असेल तर केबी ३१४०२४५ आणि त्याबरोबरची रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीची) दुरुस्ती बघा, त्याने टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत चालू होते.

काकांकडे मी वेगळंच केलं. त्या मशीनला आयपी पत्ता हाताने दिला आणि डिफॉल्ट गेटवेचा रकाना रिकामा ठेवला, आयपी आवृत्ती ६ ची खूण काढून टाकली. गेटवे नाही म्हणजे राउटरच्या बाहेर जायचा रस्ता नाही. प्रिंटर दिसतो, पुढच्या काउंटरवरच्या मशीनचा शेअर केलेला फोल्डर दिसतो, इंटरनेट नाही. गिऱ्हाईक व्हॉट्सअॅपवर मजकूर पाठवतं तो पुढच्या मशीनवर उतरतो, तिथून फोल्डरमध्ये. पेनड्राइव्हही पुढेच तपासायचा. विंडोज ७ आणि १० मध्ये फाइली शेअर करायला एसएमबीची (नेटवर्कवर फाइली शेअर करायच्या पद्धतीची) पहिली आवृत्ती लागत नाही, तेव्हा ती बंद करा. वॉनाक्राय तिच्यातूनच शिरलं होतं. ती एक्सपीला मात्र लागते.

यात एक मेख आहे: नेटच नाही, तर घड्याळ मिनिटभर जरी सरकलं तरी कुणी दुरुस्त करणार नाही. सेलचं महत्त्व आणखी वाढलं.

एक्सपीचं एका ओळीत सांगायचं तर, अपडेटच्या मागे लागू नका. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसीला (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटाईच्या यंत्राला) प्रोग्राम पाठवणारं एक्सपीचं मशीन मी बघते. सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, वॉनाक्रायच्या वेळी अपवाद म्हणून एक अपडेट मिळालं. त्याची नेटवर्कची वायरच काढून ठेवलीय, डिस्कचे दोन क्लोन कपाटात आहेत, आणि सिरियल केबल एवढंच त्याचं जग.

पुढच्या काउंटरचं विंडोज १०

हीच कहाणी आता विंडोज १० ची सुरू झालीय. काकांच्या काउंटरवरचा चौथ्या पिढीचा आय-३ विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. यादी आठव्या पिढीपासून, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप हवी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पण यावेळी घरगुती वापरासाठीही वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, आणि ती फुकटही मिळते. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर 'एनरोल नाउ' येतं. सेटिंगांचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडला तर पैसे नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट, किंवा एकदाच ३० डॉलर. एका अकाउंटवर दहा मशीन्स चालतात.

"आमच्याकडे ते बटणच दिसत नाही" ही तक्रार मला गेल्या दोन महिन्यांत सतत येतेय. बटण दिसायला मशीन विंडोज १० च्या २२एच२ या शेवटच्या आवृत्तीवर हवं, इथंही 'विनव्हर' बघा. लॉगिन अॅडमिनचं हवं, मुलांचं अकाउंट चालत नाही. मशीन ऑफिसच्या डोमेनला जोडलेलं नको. आणि मधली अपडेट्स लागलेली हवीत: ऑगस्ट २०२५ च्या केबी ५०६३७०९ च्या आधी ती खिडकी उघडून आपोआप बंद पडायची, आणि नोंदणी पुढे सरकतच नसेल तर नोव्हेंबरचं केबी ५०७१९५९. बहुतेकांचं गाडं पहिल्याच अटीवर अडलेलं असतं, २०एच२ किंवा त्याहून जुनं.

काकांच्या छापखान्यात सध्या मावशी रोज दुपारी पाच जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये बदलून पुढच्या मशीनवर ठेवतात. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार चुकवतो, म्हणून प्रत्येक ओळ वाचावी लागते. आतल्या मशीनच्या कॅबिनेटवर मी मार्करने सेल बदलल्याची तारीख लिहून ठेवलीय. खाली मावशींनी स्वतःहून पेन्सिलीने लिहिलंय: "सुट्टीनंतर साल बघणे."